साबण हजारांना, नवरा एकीलाच

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा रत्नागिरीत, मांडवीच्या आमच्या वधू-वर सूचक मंडळात मी सकाळच्या याद्या छापत होतो. त्याच्याच प्रोग्रामने काढलेल्या. मी फोन ठेवला, प्रिंटर आपला चालूच... आता पाच आठवडे झाले, रडून झालंय. आता त्याचा पराक्रम सांगायला हवा, कारण तो स्वतः जन्मात सांगणार नव्हता.

२००६च्या सुमारास सदा पुण्यातली कंपनी सोडून रत्नागिरीला परतला. मी मंडळाचा चिटणीस आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्याकडे अर्जांच्या फायली होत्या, आणि नाटे या किनाऱ्यावरच्या गावाहून दर महिन्याला एसटीने येणारे दामूकाका होते. "आमच्या महेशचं नाव कुणी बघितलान काय?" त्यांचा लेक बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. पोरगा सोन्यासारखा, पण गाव सोडणार नाही म्हणायचा. त्यामुळे त्याचा अर्ज चार वर्षं तळाशी पडून होता. "बघू" म्हणताना माझी मान खाली जायची.

सदाने मनावर घेतलं. फुकट मिळणारी, उघडून दुरुस्त करता येणारी तयार सॉफ्टवेअरं असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. काही लायब्ऱ्या शिफारस करणाऱ्या, कुणाला काय रुचेल ते सुचवणाऱ्या, तर काही लांबलचक कामं मागच्या मागे उरकणाऱ्या, म्हणजे यादी बनेस्तोवर समोरचा संगणक अडून बसायला नको. सदाने वहीत उभ्या रेघा मारून त्यांची तुलना मांडली.

शिफारशीच्या पहिल्या लायब्ररीने झटक्यात याद्या दिल्या. प्रत्येक मुलीच्या यादीत तेच तीन मुंबईचे इंजिनिअर! मी खूश. सदा म्हणाला, "मेल्या, हे तिघे किती जणींशी लग्न करणार? ही दुकानांसाठी केलेली आहे. साबण हजारांना विकता येतो, नवरा एकीलाच मिळतो." मग त्याने दुसरी, संथ लायब्ररी घेतली. कोणी काय नाकारलं तेही ती बघायची. तिच्यात त्याने स्वतःचा एक नियम घातला: जो फार जणींना सुचवून झाला, त्याने मागे सरायचं.

मागच्या मागे काम उरकणाऱ्यांची परीक्षा त्याहून न्यारी. पुण्याच्या मित्रांनी एकमुखाने सगळ्यात वेगवान सुचवलेली. सदाने ती चालू केली, उठला आणि सरळ मेन स्विच खाली ओढला. मी ओरडलोच. "त्यांच्याकडे जनरेटर आहे, आपल्याकडे भारनियमन," तो शांतपणे म्हणाला. स्विच वर केल्यावर वेगवान बाई सगळं विसरल्या होत्या. दुसरी गोगलगाय, पण जिथे थांबली तिथूनच पुढे निघाली. "हीच," सदा म्हणाला.

पहिल्या खऱ्या याद्या निघाल्या. रत्नागिरीतल्या एका शिक्षिकेच्या यादीत सगळ्यात वर महेश! मी नाव खोडायला पेन उचललं. "नाट्यात कोण जाणार रे?"

सदाने माझा हात धरला. "तू नको ठरवूस. तिला ठरवू दे."

तिने आमची मुंबईची पाच स्थळं नाकारली होती आणि का, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला समुद्र सोडायचा नव्हता, इतकंच. महिन्याभरात दामूकाका पेढे घेऊन आले. त्यांनी सदाचे दोन्ही हात धरले ते सोडलेच नाहीत. त्या दिवशी मी साफ हरलो, आणि तसा आनंद मला कधी जिंकूनही झाला नव्हता.

गेल्या रविवारी सदाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, बोलावलं, "भावजी, यांची खोली आवरायला या." आम्ही भेटायचो ते कायम मंडळात, त्यामुळे ती खोली मी नीट पाहिलीच नव्हती. टेबलासमोरची अख्खी भिंत लग्नपत्रिकांनी भरलेली. नाटे, पावस, देवरूख, राजापूर... गाव न सोडणाऱ्या पोरांच्या पत्रिका. माझे डोळे भरून आले आणि छातीही फुगली.

वहिनींनी एक पाकीट पुढे केलं. सदाच्या नावाने, तो गेल्यानंतर टपालाने आलेलं. लांज्याच्या एका मुलाची पत्रिका, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली.

"कुठे लावायची?" त्यांनी विचारलं.

भिंतीवर बोटभर जागा उरली नव्हती. मी पत्रिका दारावर चिकटवली.