शनिवारचं कुंकू

आईला विसरायला होतंय हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि त्याला कारण भाईंदरचं पाणी.

गिरगावातली चाळीतली खोली विकून आई-बाबा भाईंदर वेस्टला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. घरात संडास, घरात बाल्कनी, सगळं झकास. पाणी मात्र येईल तेव्हा येणार, नाहीतर टँकर. त्यामुळे बादल्या, कळशा, पातेली भरून ठेवायची सवय प्रत्येकच घराला. मग आई हळूहळू कपबशा भरायला लागली. कुकरचे डबे, ताम्हन, देवघरातली वाटी. आम्ही हसायचो. शेजारच्या गुजराती बेन तर म्हणाल्या, "अच्छा है ना, टँकर का क्या भरोसा!" भाईंदरमध्ये पाण्याचं वेड कोण आजारात धरणार? एके दिवशी ती त्या सगळ्या भरलेल्या भांड्यांकडे बघून बाबांना म्हणाली, "अहो, एवढं पाणी कोणी भरून ठेवलंय हो?" तेव्हा बाबा हसले नाहीत. त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, जुनं राहील, नवं पुसलं जाईल. मी विचारलं, नवं म्हणजे कुठपासूनचं? ते म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही.

मला ते फार जाणून घ्यायचं होतं. कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट नवीनच होती. माझा नवरा नुकताच गेला होता. काशीमीऱ्याला एका गोडाऊनमध्ये तो सुपरवायझर होता, आम्ही तिथेच हायवेच्या मागे राहायचो. दुपारी सेकंड शिफ्टला म्हणून चहा पिऊन गेला, आणि संध्याकाळी खुर्चीतच हार्ट अटॅक. मूलबाळ आम्हाला नव्हतं. घरात त्याचे शर्ट होते आणि मी होते.

आई तेव्हा चांगली शुद्धीत होती. आली, राहिली, स्वयंपाक केला, माणसांचं केलं. पण माझ्यासमोर एक टिपूस काढलं नाही. आणि पहिल्या संक्रांतीला तिने जे केलं ते मी आजही विसरले नाही, विसरणारही नाही. तिच्या घरी हळदीकुंकू होतं. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या. मी वाण वाटायला मदत करत होते. आई कोयरी घेऊन एकेकीला हळद लावत, कुंकू लावत पुढे सरकत होती. माझ्यापाशी आली, आणि माझ्या कपाळावरून तिचा हात असा सरळ पुढच्या बाईकडे गेला, जशी तिथे मी नाहीच. मग हळूच म्हणाली, "तू जरा आत तिळगुळाचं बघतेस का?"

मी आत गेले खरी, पण बायका गेल्यावर असं भांडले! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की बाबासुद्धा बाल्कनीत जातात. "मी काय अपशकुनी आहे का? तुझ्याच पोटची ना मी? लोकांचं सोड, तू का नाही लावलंस?" ती कोयरीचं झाकण टक्कन लावून म्हणाली, "रीत असते बाय. मी एकटी काय बदलणार?" बस्स. तो आवाज, ते टक्कन, माझ्या डोक्यात बसला. मला कुंकवाचं एवढं काही नव्हतं. ऑफिसला मी टिकली लावून जायचेच, कोणाच्या बापाला घाबरत नव्हते. पण मला ते आईच्या हातचं हवं होतं, आणि तिला सगळं माहीत असताना हवं होतं.

मग ती विसरायला लागली.

मी दर शनिवारी हाफ डे करून तिच्याकडे जायचे. शेअर रिक्षाने भाईंदर ईस्ट, पूल ओलांडून वेस्ट, मग चालत. अशाच एका शनिवारी निघताना ती दारात आली आणि म्हणाली, "थांब गं, अशी मोकळ्या कपाळाने जाऊ नये." आत गेली, कोयरी घेऊन आली, आणि मला हळद लावली, कुंकू लावलं. मी खांबासारखी उभी. वर म्हणते, "जावई का नाही आले? रागावलेत का आमच्यावर?"

मी सांगितलं. काय करणार, विचारलं तर सांगितलं. आणि माझी आई, जी तेव्हा रडली नव्हती, ती उंबऱ्यातच बसली आणि असा टाहो फोडला की बेन धावत आल्या. माझे गाल कुरवाळत म्हणत होती, "माझ्या लेकराचं कसं होणार गं." इतके दिवस हे सगळं होतं कुठे? मलाही रडू आवरेना. खरं सांगते, मला बरंही वाटलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. कुंकू, जावई, माझं सांगणं, तिचा टाहो. तिला शांत केल्यावर बाबा मला बाल्कनीत घेऊन गेले. बाबा आयुष्यात कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "पुन्हा सांगितलंस तर याद राख. तुझा नवरा एकदा गेला. हिचा जावई दर शनिवारी मरतोय."

तेव्हापासून मी सांगायला लागले, "सेकंड शिफ्ट आहे गं आई त्याची."

"मेली ती शिफ्ट! माणसाने जेवायचं कधी?" असं म्हणून ती डबा शोधायची. डब्यात काय सापडेल ते भरायची. दोन पोळ्या, कधी नुसता गूळ, एकदा तर कच्चे पोहे. "त्यांना आवडतात," म्हणायची. पोहे त्याला खरंच आवडायचे. मी तो डबा घरी नेऊन ओट्यावर ठेवायचे, आणि शनिवारी रात्रीचं माझं जेवण म्हणजे तो डबा.

खोटं बोलता बोलता मला त्याची चटकच लागली म्हणा ना. त्याला सर्दी झालीय, त्याला साहेबांनी झापलं, त्याने नवे बूट घेतले आणि ते चावतायत. आई एकेक गोष्ट मन लावून ऐकायची, सल्ले द्यायची. "बुटांना आतून खोबरेल लावा म्हणावं." आठवडाभर ऑफिसात मी मॅडम, सोसायटीत मी बिचारी. बाकीच्या जगात तो गेला होता. फक्त भाईंदरच्या त्या फ्लॅटमध्ये, एका म्हातारीच्या डोक्यात, तो सर्दीने बेजार होऊन शिफ्टला गेला होता आणि मी त्याची बायको होते, त्याच्या नावाने कटकट करणारी, त्याची वाट बघणारी. मला त्या बाईची फार आठवण यायची. नवऱ्याची येते तशीच स्वतःचीसुद्धा आठवण येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शनिवार येईपर्यंत कशातच जीव लागायचा नाही.

पण मनात एक कुसळ होतंच. आईने रीत कुठे मोडली होती? ती तर सवाष्णीलाच कुंकू लावत होती. ज्या आईने मला चुकवून हात पुढे नेला, तीच ही आई, रीत तीच, फक्त त्यातलं एक मरण गळून पडलेलं. मग मला हवं ते मिळालं की नाही? आणि खरी आई कुठली? जिला सगळं आठवत होतं आणि तिने माझं कपाळ मोकळं ठेवलं, ती? की काहीच आठवत नाही आणि माझ्या नवऱ्यासाठी गूळ बांधून देते, ती? बाबांना विचारलं तर म्हणाले, "दोघींनाही माझ्या हातचा चहा आवडत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

कुंकू मी पहिल्या मजल्याच्या वळणावर पदराने पुसून टाकायचे, हळदीचा पिवळा डाग काय तो थोडा राहायचा. टिकली वेगळी आणि असं हळदीसकट ठसठशीत कुंकू वेगळं. आमची ओळख सगळ्या रस्त्याला. खाली गेटपाशी मोरव्याची एक म्हातारी भाजी घेऊन बसायची, ती तर माझ्या लग्नाआधीपासून आईची गिऱ्हाइकी सांभाळणारी असल्यासारखी सगळ्या घराची खबर ठेवायची. नकोच ती चौकशी.

पुढे आईचं आणखी उतरत गेलं. मग ती मला ओळखेनाशी झाली. दार उघडलं की, "या, बसा. यांच्या ऑफिसातल्या का तुम्ही?" जन्मदात्या आईने "तुम्ही" म्हणावं! मी सोफ्यावर पाहुण्यासारखी बसायचे, ती पदर सावरून समोर बसायची, हवापाण्याचं बोलायची. तरी निघताना कोयरी यायचीच. पाहुणी सवाष्ण, कुंकू लावल्याशिवाय कशी जाईल? "तुमचे मिस्टर?" "सेकंड शिफ्टला." "हो का. बरं बरं." आता डबा नव्हता. तो तिचा जावई राहिला नव्हता, कुठल्यातरी बाईंचा मिस्टर झाला होता. त्या डोक्यातूनही तो हळूहळू चालला होता, आणि त्याच्याबरोबर मीही. मी परत जाताना रिक्षात तोंडाला रुमाल लावून बसायचे.

आणि मग तो शनिवार. वेगळं काही नव्हतं. बाबा आत सिंकपाशी चहाची भांडी घासत होते. मी दारात चपला घालत होते. आई कोयरी घेऊन आली. हळद लावली. कुंकवात बोट बुडवलं, वर नेलं, आणि बोट माझ्या कपाळासमोर थांबलं. ती माझ्याकडे बघत होती. नुसती बघत नव्हती, ओळखत होती. आईने ओळखलेलं लेकीला कळतं, त्यात चूक होत नाही.

"बाय," ती म्हणाली, "जावई नाहीत ना गं आता?"

माझ्या तोंडात सेकंड शिफ्ट आली होती. पण आई माझ्यासमोर उभी होती, कितीतरी महिन्यांनी उभी होती, आणि तिच्याशी मला खोटं बोलवेना. "नाहीत आई," मी म्हटलं.

ती रडली नाही. बोट तसंच हवेत. मी झाकणाच्या आवाजाची वाट बघत होते. तो टक्कन आता येणार, हात खाली जाणार, आणि एवढ्या महिन्यांनी आलेली माझी आई रीत पाळून परत जाणार. मी मान खाली घातली.

आईने स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. बाबांचं लक्ष नाही असं बघून माझ्या जवळ सरकली, चाळीत चोरून चिंचा द्यायची तशी, आणि कुजबुजली, "लावते गं. मला कुठे काय आठवतंय!"

आणि हसली. लबाड. माझी मान वर करून तिने असं मोठं, वाकडंतिकडं कुंकू लावलं की थोडं नाकावर सांडलं. ते तिने फुंकर घालून उडवलं.

मला तिला घट्ट धरायचं होतं. विचारायचं होतं, कधीपासून गं? आधीच्या कुठल्या शनिवारी तुला माहीत होतं? ते पोहे बांधून दिलेस तेव्हा? मी "आई" एवढंच म्हणू शकले. तोवर तिने पदर सावरला होता, आणि तोंडावर पाहुण्यांसाठीचं ते गोड हसू आलं होतं.

"या हं पुन्हा," ती म्हणाली. "मिस्टरांनाही घेऊन या."

पहिल्या मजल्याच्या वळणावर सवयीने पदर हातात आला. मी तो खाली सोडला. गेटपाशी भाजीवाली म्हातारी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"काय गो पोरी," ती म्हणाली, "आज पुसला न्हाय?"

म्हणजे तिलाही माहीत होतं, पहिल्यापासून.

"आईने लावलंय," मी म्हटलं, आणि तशीच रस्त्याला लागले.