जहाजाला डायलॉग नसतो

आमच्या लीड्सच्या रविवारच्या मराठी वर्गाचे किस्से कोणी लिहून ठेवत नाही. हॉलच्या कपाटात उरलेल्या पेपर प्लेट्ससारखे ते आपोआप साठतात. यंदाचे सगळे एकाच जहाजाभोवती साठले. आणि त्याच आठवड्यांत एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती: माझी सहा वर्षांची ओवी घराबाहेर कधी बोलणार?

घरात ती अखंड बोलते. फ्रिजशीसुद्धा! दाराबाहेर पाऊल पडलं की ओठ बंद. शाळेत वर्षभरात एक शब्द नाही. थेरपिस्टच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे. "आग्रह करू नका," असं सगळे सांगतात. मी आग्रह करत नाही. फक्त गेटवर तिच्या ओठांकडे बघत उभी राहते, आणि ते बहुधा आग्रहापेक्षा वाईट असावं.

*

वर्ग चालवतात सुमनकाकू. नागपूरच्या निवृत्त शिक्षिका. लेकाकडे आल्या त्या राहिल्याच. मुलांच्या यंदाच्या नाटुकल्यासाठी त्यांनी विषय काढला बॉनम रिचर्ड! अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं लढाऊ जहाज. आमच्याच यॉर्कशरच्या किनाऱ्यासमोर ते ब्रिटिश जहाजाशी लढलं. लढाई जिंकली, पण स्वतः इतकं फुटलं की कप्तान आपल्या माणसांसकट शत्रूच्या जिंकलेल्या जहाजावर गेला, आणि हे बिचारं मागे बुडालं.

"काकू, आपलं मराठा आरमार सोडून हे?" माझी मैत्रीण केतकी म्हणाली.

"जिथे राहतो तिथलं पाणी ठाऊक नको?"

मूळचं ते फ्रेंच व्यापारी जहाज होतं, हे ऐकून आयटीवाला निखिल खूश. "जन्म एकीकडे, नोकरी दुसऱ्याची, शेवट तिसऱ्याच्या दारात. काकू, हे तर आपलंच प्रोफाइल!"

नंतर कोणीच फार हसलं नाही.

*

भूमिका वाटताना हाच निखिल घाबरला. "आमच्या अर्जुनला अमेरिकन करू नका. माझा ब्रिटिश सिटिझनशिपचा अर्ज पडून आहे अजून!"

"मग त्याला वारा करते," काकू शांतपणे म्हणाल्या. "वाऱ्याला व्हिसा लागत नाही."

केतकीची रिया कप्तान झाली. मग काकूंनी ओवीच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि ही आमचं जहाज."

"तिला डायलॉग काय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"जहाजाला डायलॉग नसतो गं. पण जहाजाशिवाय नाटक होतं का?"

मी छान हसले. मग टॉयलेटमध्ये जाऊन हँड ड्रायर चालू केला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. सुशिक्षित बाई आहे मी, नियोजन करून रडते.

*

काकूंचा एक नियम कडक आहे. निघताना "जातो" म्हणायचं नाही. अर्जुन एकदा "जातो काकू!" म्हणून पळाला. काकू कार पार्कपर्यंत गेल्या, त्याला सीटबेल्ट सोडायला लावून खाली उतरवलं. "येतो म्हण! गेलेला माणूस परत यायला हवा ना?"

ओवी नुसता हात हलवते. काकू दार धरून तिच्यासाठी थांबतात. बराच वेळ. मग तिच्या वाटचंही स्वतःच म्हणतात, "येते काकू. ये हं, बाळा."

*

तालमीत केतकीने निवेदन वाचलं, "आणि जहाज बुडालं."

"लेकराच्या डोक्यावर उभं राहून बुडालं काय म्हणतेस? विसावलं म्हण!"

"अहो काकू, तोफगोळे लागलेत त्याला. थकलेलं नाहीये ते!"

"गोळे खाऊन थकवा येत नाही का?"

केतकीने पेन काढून शब्द बदलला.

*

शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही सगळे ते पाणी बघायला किनाऱ्यावरच्या कड्यावर गेलो. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की जहाज नेमकं कुठे आहे ते अजून खात्रीने कळलेलं नाही, लोक शोधतायत.

ओवी तिथे गप्प. कारचं दार लागलं तशी म्हणाली, "आई, शिपला माहितीये का, ते शोधतायत?"

"माहीत नाही गं."

"मग त्याने ओरडायला पाहिजे ना."

मी सीटबेल्ट लावायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

*

नाटकाच्या दिवशी हॉल भरलेला. पुठ्ठ्याच्या जहाजात ओवी. वाऱ्याने मनापासून फुंकर मारली. तोफा झाल्या. खलाशी एकेक करून पलीकडच्या जहाजावर गेले. केतकी म्हणाली, "आणि जहाज विसावलं." ओवी आडवी झाली आणि तिच्यावर निळी साडी पसरली गेली. मी साडीची हालचाल बघत बसले.

आता फक्त कप्तानाने निरोप घ्यायचा होता. रिया पाठ केलेली चारही वाक्यं विसरली. घाईघाईत हात हलवून म्हणाली, "बाय शिप! मी जाते!"

सगळा हॉल हसला. विंगेत काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्या तोंड उघडणार, एवढ्यात निळ्या साडीखालून आवाज आला. बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"रिया, जाते नाही म्हणायचं. येते म्हण. मी इथेच आहे."