माफी मागितली म्हणून

अग्निया तिखोनोव्हना उद्या गुप्त पोलिसांच्या चौकशीला एकटीच जाणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. ती परत आली नाही, तर विचारपूस करायलाही आता कुणी उरलेलं नाही.

शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली. आमच्या लेनिनग्राडच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी माझ्या मुलाची, वेन्यामिनची, मंडळी जमते. बंदी असलेल्या धर्मचिंतकांची पुस्तकं वाचते. ती टाइप करायची अग्निया. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून टाइपरायटरखाली घोंगडी घालायची. स्पष्ट प्रती मुलांना द्यायची, सगळ्यात पुसट स्वतःला ठेवायची.

वेन्यामिन बोलतो छान. "राज्याला माणसाचे हात हवेत, समाजाला त्याची मान हललेली हवी. अख्खा माणूस फक्त देवाला दिसतो."

"दिसू दे रे," अग्निया म्हणायची. "आधी त्या अख्ख्या माणसाला जेवू घाल. बटाटे निवले."

हिवाळा सरता सरता मंडळीतल्या रोमानच्या खोलीची झडती झाली. सगळी टाइप केलेली बाडं गेली. तेव्हापासून जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला.

मग ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाआधीचा रविवार आला. त्या दिवशीही मंडळी आमच्याकडे जमली होती. अग्निया टॉवेलात गुंडाळून गरम ब्लिनी, आपली पातळ धिरडी, घेऊन आली. ती देवधर्म खेड्यातल्या आजीकडून शिकलेली, ही मुलं पुस्तकांतून. तिनं एकेकासमोर वाकून जमिनीला हात लावला. "मी तुझी अपराधी आहे रे, मला माफ कर." डोळ्यांत पाणी. माझ्या माहेरी त्या दिवशी सगळे असंच म्हणायचे, आणि समोरचा म्हणायचा, "देव माफ करो, तूही मला कर."

इथे कुणीच काही म्हणालं नाही.

"नक्की कशाची माफी?" रोमाननं विचारलं.

"सगळ्याचीच."

"म्हणजे झडतीचीही?"

ती हसली. तिला चेष्टा वाटली. मग तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले.

त्यांनी तिला तशीच उभी ठेवून तासभर विचारलं. कुणाला भेटतेस, कुणाशी बोलतेस. मी खुर्ची पुढे केली, तर वेन्यामिननं हातानं थांबवलं. शेवटी सर्वांच्या एकमतानं तिला जायला सांगितलं. ब्लिनी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आता तिलाच बोलावणं आलंय. मी मुलाला म्हटलं, "खबरी असती तर तिला कशाला बोलावतील?"

"नाटक असेल."

"आणि ती माफी? अरे, रीत आहे ती!"

"मला माहीत आहे, आई." त्यानं चहात साखर ढवळली. "रोमानला सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण ठरलं ते सगळ्यांनी मिळून ठरलं. आता एकेकानं फुटायचं नाही."

काल ती जिन्यात भेटली. म्हणाली, "भिऊ नका, मी कुणाचंही नाव घ्यायची नाही." आणि जाता जाता, "तिथे निदान बसा म्हणतात हो."

वेन्यामिननं बजावलंय, "घरच्या फोनवर कान असतात, त्यावरून तिचं नाव घेतलंस तर संस्थेतली माझी नोकरी गेली म्हणून समज." जाईलही. तो पलीकडच्या खोलीत झोपलाय; झोपेत अजूनही हात गालाखाली घेतो. कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमधला रिसीव्हर गेले कित्येक दिवस तुटलेला आहे, आणि असता धड तरी मी तिथे गेले नसते. सकाळी ती निघायच्या आत याच फोनवरून तिला सांगणार आहे, थांबा, मी बरोबर येते.