भावाचा रकाना

सिडकोत पवननगरच्या मागच्या गल्लीत रंगनाथ काकळीज यांच्याविषयी शेजारी दोन गोष्टी बोलत. पहिली अशी, की या माणसाला पंधरा वर्षांत स्वतःचे घर झाले नाही, कारण त्याचा सगळा पैसा कागदात अडकलेला आहे. दुसरी अशी, की वर्तमानपत्रात नोकरी करूनही त्याला बातमी म्हणून काही ठाऊक नसते. समोरच्या घरातले धनराज बोरसे हे तर पानाच्या टपरीवर रंगवून सांगत, "निवडणुकीचा निकाल विचारा, म्हणतील बघून सांगतो. आणि कोणत्या कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट गहाळ झालं ते मात्र तोंडपाठ."

यातले खोटे काही नव्हते. रंगनाथराव नाशिकच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. नांदगाव तालुक्यातल्या गावातून ते वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आले आणि १९८८ साली या नोकरीला लागले. मुद्रितशोधकांच्या खोलीत प्रत्येकाला पहिले पान हवे असे. जाहीर सूचनांचे पान कोणालाच नको असे. त्यात हरवलेली खरेदीखते, वारसांचे दावे, कंपन्यांच्या सभांची निमंत्रणे आणि बारीक टायपातले आकडे असत. नव्या माणसाच्या गळ्यात ते पान पडायचे, तसे ते यांच्या गळ्यात पडले आणि पुढे यांनी ते सोडले नाही. पट्टी ओळीखाली धरून, आकडे उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचत ते तपासत. अशा वाचनात आकडा डोळ्यांवरून घसरून जात नाही.

१९९२ साली शेअरबाजाराचे वारे गल्लीत शिरले. बोरसे बँकेत कॅशियर होते. त्यांच्या टेबलाभोवती दुपारी नावे वाटली जात. कोणती कंपनी काय बनवते हे न विचारता लोक शेअर घेत. रंगनाथरावांनी त्या वर्षी एकही घेतला नाही. वडील खंडेराव कांद्याची गाडी भरण्याआधी रोप, पाणी, मजुरी, गोणपाट असा सगळा खर्च ओसरीवर बसून धरत आणि क्विंटलचा एक आकडा मनाशी पक्का करूनच बाजार समितीत जात. तो आकडा काढल्याशिवाय बैल जुंपलेले रंगनाथरावांनी कधी पाहिले नव्हते. इथे तर कोणापाशीच आकडा नव्हता. पुढे भाव कोसळले, बोरशांची स्कूटर विकली गेली, आणि गल्लीत शेअर हा शब्द शिवीसारखा झाला.

नेमके तेव्हा रंगनाथराव कामाला लागले. त्यांची पद्धत साधी होती. बारकाईने पाहण्याजोगी कंपनी दिसली की तिचा एकच शेअर घ्यायचा. एका शेअरच्या मालकालाही वार्षिक अहवाल टपालाने घरपोच येतो. दर श्रावणात त्यांच्या दारात जाड पाकिटांचा ढीग पडे, आणि पोस्टमन सविताबाईंना म्हणे, "वहिनी, साहेबांना सांगा, एवढं ओझं तर कलेक्टर कचेरीचं पण नसतं." त्या अहवालांतून ते कर्ज किती, रोकड किती, जमीन कोणत्या सालच्या किमतीने मांडली आहे, असे सगळे काढत आणि शेवटी वडिलांसारखा एक आकडा पक्का करत. भाव त्या आकड्याच्या निम्म्यावर असेल तरच पुढे जायचे. शिवाय घडामोडीवर नजर ठेवायची. कोणी कंपनी विकत घेतो आहे, कोणी शेअर परत घेतो आहे, अशी कुणकुण लागते ती सूचनांच्या पानावरच. एक नियम मात्र त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. जी सूचना कार्यालयात तपासली, ती छापून लोकांच्या हाती पडेपर्यंत ब्रोकरच्या दारात जायचे नाही.

अशा रीतीने १९९८ पासून त्यांनी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या नीलगंगा व्हॉल्व्हज या कंपनीचे शेअर थोडेथोडे घेतले. कंपनी परदेशी मालकाची, गाजावाजा नसलेली. शेअर चाळीस रुपयांच्या आसपास मिळत होता आणि कंपनीच्या बँकेतल्या ठेवीच शेअरमागे सेहेचाळीस रुपये होत्या. कर्ज नव्हते. सातपूरची अकरा एकर जागा पुस्तकात १९६९ च्या किमतीने पडून होती. रंगनाथरावांचा आकडा निघाला दीडशे. पाच वर्षांत त्यांनी सव्वीसशे शेअर जमवले. घरासाठी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. सविताबाई फॉल-पिको करून जे मिळवत, तेही गेले.

"अहो, लोक भिंती बांधतात, आपण पाकिटं जमवतो," सविताबाई म्हणत.

"भिंतीला महिन्याला व्याज भरावं लागतं."

"आणि पाकिटाला?"

"पाकिटाला थांबावं लागतं."

पण थांबणेही आता महाग पडत होते. दैनिकात संगणक आले होते, मुद्रितशोधक सहाचे दोन झाले होते आणि उरलेल्या दोघांत रंगनाथराव होते, इतकेच. अशा पगारावर बँक मोठे कर्ज देणार नव्हती. इंदिरानगरात एका बिल्डरने दोन खोल्यांचा फ्लॅट मार्चअखेरपर्यंत धरून ठेवला होता. निम्म्याहून अधिक रक्कम रोख हवी होती. नीलगंगाचा शेअर त्यांच्या आकड्याजवळ गेला तर घर होणार होते, नाही तर नाही.

२००४ च्या जानेवारीत ती सूचना त्यांच्याच टेबलावर आली. परदेशी मालकाला कंपनी शेअरबाजारातून काढून घ्यायची होती. त्यासाठी लोकांकडचे शेअर परत घ्यायचे होते. नियम नवा होता. किमान भाव एकाहत्तर रुपये ठरला होता, पण त्यावर भाव लोकांनीच लिहून द्यायचा. ज्या भावाला सर्वांत जास्त शेअर देऊ केले जातील, तो सगळ्यांना मिळायचा. मालकाला परवडला नाही तर त्याने नाद सोडायचा. बोलीला पाच दिवस होते, सोमवार ते शुक्रवार.

रंगनाथरावांनी सूचना उलटसुलट दोनदा वाचली. लोकांकडच्या शेअरपैकी जवळपास निम्मे आजी-माजी कामगारांकडे होते. १९८१ साली कंपनीने कामगारांना दर्शनी किमतीने शेअर दिले होते, ते ट्रंकांत पडून होते. त्यांच्यावाचून मालकाचे जमणार नव्हते. पण त्यांनी एकाहत्तरला होकार दिला, तर आपल्या दीडशेतले दहा सोडून एकशे चाळीस लिहिणारा रंगनाथ एकटा पडणार होता. मग बाजार बंद, कंपनी खासगी, आणि हाती सव्वीसशे कागद.

सूचना छापून आल्यावर त्यांनी बारकू सांगळे यांना गाठले. बारकू नीलगंगाचे निवृत्त फोरमन, मूळचे सिन्नरकडच्या खेड्यातले. सातपुरात त्यांचा शब्द चाले. त्यांच्या अंगणात तीन रविवार बैठका झाल्या. रंगनाथरावांनी फळ्यावर ठेवी, जागा, नफा असे सगळे मांडले आणि एकशे चाळीसच्या खाली द्यायचे नाही असे ठरले. एकाने विचारले, "भाऊसाहेब, कंपनी आम्हाला फसवतीय का?"

"नाही. ती स्वस्तात मागते आहे. मागू दे. आपण दिलं पाहिजे असं नाही."

बोली सुरू झाली. बुधवारी संध्याकाळी बारकू खुशीत सिडकोत आले. "भाऊ, बासष्ट जणांचे फॉर्म शरणपूर रोडच्या ब्रोकरच्या ऑफिसात टाकले. एक नाय राहिला."

"भाव एकशे चाळीसच लिहिला ना सगळ्यांनी?"

बारकूंनी चहाची बशी खाली ठेवली. "भाव? भाव आपण कसा लिहिणार? तो रकाना कोरा सोडला. माल आपण दावला, आता बोली त्यांनी बोलायची."

रंगनाथरावांनी एक कोरा फॉर्म काढून उलटा केला. चूक त्यांना लख्ख दिसली आणि ती बारकूंची नव्हती. दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या शेतकरी घरांतली ही माणसे. बाजार समितीत शेतकरी गाडीशी उभा राहतो आणि भाव व्यापारी पुकारतो. विकणाऱ्याने तोंडाने भाव सांगितलेला कोणी पाहिलेला नसतो. स्वतः खंडेरावांनीही जन्मात कधी आकडा उच्चारला नव्हता. पटला नाही तर ते मुकाट्याने गाडी वळवत. फळ्यावर सगळे मांडले, पण भाव आपल्या हाताने लिहायचा आहे, एवढे सांगायचे राहून गेले. आणि फॉर्मच्या पाठीमागे, सर्वांत बारीक टायपात, छापलेले होते, की रकाना कोरा असल्यास किमान भाव मान्य आहे असे समजले जाईल.

"म्हणजे एकाहत्तरला गेलं सगळं?" बारकूंचा आवाज उतरला.

"अजून नाही. शुक्रवारपर्यंत भाव वाढवून नवा फॉर्म देता येतो. उद्या सकाळी सातला तयार राहा."

त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. लूनावर मागे बारकू, पुढच्या पिशवीत कोरे फॉर्म. सातपूर, श्रमिकनगर, अंबड, पिंपळगाव बहुला. दारोदार तेच बोलणे, तीच शंका. भागीबाई या एका दिवंगत वेल्डरच्या पत्नी; त्यांच्या नावावर सहाशे शेअर होते. त्यांनी फॉर्म हातात घेतला, पण पेन घेईनात.

"एकशे चाळीस लिवलं आन् नाय घेतलं त्यांनी, तर?"

"तर तुमचे शेअर तुमच्याकडेच. दरवर्षी लाभांश येतो तसा येईल."

"आन् एकाहत्तर लिवलं तर पैसं नक्की?"

"नक्की."

"मंग तुमी किती लिवलं?"

"एकशे चाळीस."

"घरवालीला ठाव हाय?"

बारकू हसले. रंगनाथराव म्हणाले, "ठाऊक आहे. खूश नाही."

भागीबाईंनी पेन घेतले.

गुरुवारी संध्याकाळी घरी परतले, तर दारात पाहुणा बसलेला. मनोज असे नाव सांगितले, मुंबईच्या एका दलालाकडून आलो म्हणाला. कंपनीचे नाव त्याने घेतले नाही. बोलणे गोड होते. "सर, तुमचा अभ्यास दांडगा आहे. तुमचे सव्वीसशे आम्ही बाहेरच्या बाहेर एकशे पंधराने घेतो. आज टोकन, सोमवारी उरलेले. फक्त उद्या आराम करा. आज दिवसभर फार धावपळ झाली तुमची."

आतल्या खोलीत शिलाई मशीन थांबले. गुणाकार तिथेही होत होता. दोन लाख नव्याण्णव हजार. इंदिरानगरचा फ्लॅट त्यात बसत होता.

रंगनाथरावांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाहुण्याला पाणी दिले आणि म्हणाले, "माझा फॉर्म सोमवारीच गेला. त्यात भावाला रकाना एकच होता, तो मी भरला आहे."

"विचार करा सर. उद्या सत्तर-एकाहत्तरला विकावं लागेल."

"पाणी घ्या. शेवटची बस चुकेल तुमची."

तो गेल्यावर सविताबाई दाराशी आल्या. "तीन लाख होते."

"हजार कमी."

"आणि तुम्ही उद्या घरी बसला असतात, तर त्या बायाबापड्यांना सत्तर मिळाले असते."

"एकाहत्तर."

त्यांनी पाहुण्याचा तांब्या उचलला. मग म्हणाल्या, "उद्या डबा किती वाजता हवा?" आणि आत जाऊन मशीनवर बसल्या.

शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत अठ्ठावन्न नवे फॉर्म गेले. चौघे सापडले नाहीत. पुढच्या आठवड्यात निकाल लागला. सर्वांत जास्त शेअर एकशे चाळीसलाच देऊ केले गेले होते. मालक ते मान्य करतो की नाही, यावर त्याने मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत तोंड उघडले नाही. त्या दिवसांत टपरीवर बोरसे सांगत होते, की काकळीजांनी आपल्याबरोबर गरीब कामगारांनाही बुडवले. सातपूरहून दोघेजण भांडायलाही येऊन गेले. रंगनाथरावांनी त्यांना बसवले, अहवाल पुढे ठेवला आणि तोच हिशेब पुन्हा सांगितला. शेवटच्या दिवशी मालकाने भाव मान्य केला.

तरी धनादेश हाती यायला एप्रिल उजाडला. इंदिरानगरच्या बिल्डरने थांबायला नकार दिला होता. तो फ्लॅट दुसऱ्याला गेला. दोन महिने वणवण करून पाथर्डी फाट्याच्या पुढे एक घर मिळाले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, उन्हाळ्यात टँकर. सविताबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर पाहिला आणि चालेल म्हणाल्या.

वास्तुशांतीला बारकू आले, सुनेला घेऊन भागीबाई आल्या. बोरसेही आले. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. खुर्चीवर टेकून, घरभर नजर फिरवून ते चारचौघांत म्हणाले, "मानलं तुम्हाला, काकळीज. पण खरं सांगू का, या गोष्टीला नशीब लागतं. ती सूचना तुमच्याच टेबलावर आली."

रंगनाथरावांनी त्यांच्या हातात पेढ्याचे ताट दिले.

"सूचना पेपरातून तुमच्याही घरी आली होती, बोरसे. मी वाचली, तुम्ही कपाटात अंथरलीत."