जॉबरने लावलेल्या झडपा

घरात, गल्लीत, दवाखान्यातसुद्धा त्याला सगळे जॉबरच म्हणत. गिरणीत चाळीस मागांवर त्याची हुकमत होती. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा आणि विणकर बिघडला की त्यालाही, दोन्ही कामं त्याच्याकडेच. गिरणी बंद पडून एकोणीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं गडी घरात बसून पंख्याच्या आवाजात खोट काढत होता.

मग त्याच्या सुनेने गिरणीची विणकामाची शेड मागितली. गिरणीची जागा आता एका समितीच्या ताब्यात होती आणि रिकाम्या शेडना काहीतरी कामाला लावायचं समितीच्या डोक्यात होतं. एका शेडमध्ये बॅडमिंटन सुरू झालं होतं, दुसरीत फर्निचरवाला बसला होता. सुनेने मशरूमसाठी अर्ज केला. तीन महिने चाचणी. शेवटी पीक चांगलं दिसलं तर शेड पाच वर्षं तिची, नाहीतर गोदामवाला टपून बसलेलाच होता. यासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली. तिच्या नवऱ्याने "बघ बाई" एवढं म्हणून अंग काढून घेतलं.

सासऱ्याला मात्र हे काम मनापासून पटलं. मशरूमला दमट हवा लागते, आणि दमट हवा म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, म्हणून विणकामाची शेड कायम ओली आणि बंद ठेवायची. छताला साखळीने उघडायच्या झडपा होत्या, पण त्याच्या पाळीत त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. रात्रपाळीने उघडलेल्या झडपा पहाटे आल्याआल्या तो स्वतः लावायचा. फरशीवर पाणी किती मारायचं, कुठली भिंत ओल धरते, सगळं त्याने सुनेला दाखवलं. पहाटे सहाला शेड उघडायचं काम स्वतःहून घेतलं. रोज दाढी व्हायला लागली.

"बाबा, तुम्ही तर माझ्याआधी कामाला लागलात," सून म्हणाली. गडी खुलला, पण कपाळावरची आठी काही मोडू दिली नाही.

सुनेने मदतीला एक मावशी घेतली होती, याच शेडमधली जुनी विणकरीण. ती जॉबरशी कामापुरतंच बोलायची. एका उन्हाळ्यात जीव गुदमरला म्हणून तिने झडप उघडली होती आणि त्याने तिला आठ दिवस घरी बसवलं होतं. विषय निघाला की तो आजही म्हणायचा, नियम म्हणजे नियम. आता काय बोलणार अशा माणसाशी!

भुशाच्या पिशव्या टांगून वीस दिवस झाले आणि पांढरे कोंब फुटले. इथून पुढे पिकाला मोकळी हवा लागते. त्या संध्याकाळी, जॉबर घरी गेल्यावर, सुनेने साखळी ओढून झडपा उघडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आत आला, हात साखळीकडे गेला आणि झडपा लागल्या. दिव्याचं बटण दाबावं तितक्या सहज. डोक्याला त्याची खबरही नव्हती. सुनेने छताखाली प्लास्टिक ताणलं होतं, त्यामुळे झडपा खालून दिसत नव्हत्या. ती आपली समजून चालली की त्या उघड्याच आहेत.

पीक आलं ते बघवेना. दांडे वीतभर लांब आणि वरच्या टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. सून बियाणंवाल्याशी फोनवर भांड भांड भांडली. दोन दिवस ती धड जेवली नाही.

शनिवारी चाचणीचे तीन महिने संपले आणि समितीचा साहेब पीक बघायला आला. त्याने एक पिशवी हातात घेऊन फिरवली.

"हवा मिळत नाही यांना," तो म्हणाला.

"झडपा आठ दिवस उघड्या आहेत, साहेब," सून म्हणाली. "बियाणंच खराब निघालं."

जॉबर मागे उभा होता. आठ दिवस उघड्या? त्याला आपला हात आठवला, साखळी आठवली. गप्प राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. साहेबाने वही उघडली. सून नुसती त्या वहीकडे बघत होती.

"बियाणं चांगलं आहे," जॉबर म्हणाला. "झडपा मी लावल्या. सवयीने. चूक माझी आहे, तिची नाही."

साहेबाने स्वतः जाऊन साखळी तपासली. मग आणखी एका पिकाची मुदत लिहून दिली आणि तो निघून गेला. सून खुर्चीत बसली. सासऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

मावशीने एक लांबुडका दांडा तोडून हातात धरला.

"आम्हीपण हवेसाठी अशाच माना वर करायचो, जॉबर," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं," तो म्हणाला. नियमाचं नाव त्याने काढलं नाही.

"बाबा, उद्यापासून शेड मावशी उघडतील," सून म्हणाली.

"मग मी किती वाजता येऊ?"

"मावशींना विचारा."

चाळीस मागांच्या माणसांना पाळ्या लावून देणारा तो माणूस विणकरणीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं. तिने आधी साखळी ओढून झडपा उघडल्या, वर बघत दोनचार श्वास घेतले.

"नवाला या," ती म्हणाली. "आणि आल्यावर कशालाही हात लावायच्या आधी मला विचारा."