टाकीतल्या पेशी आणि थांबाबाई

औषध तपासणी खात्यात त्यांना पाठीमागे सगळे ‘थांबाबाई’ म्हणत. कारखान्यात पाऊल ठेवलं की त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’ असायचा. हे नाव कानावर आलं तेव्हा बाई खळखळून हसल्या होत्या. “बरंय की! ‘चालू-द्या-बाई’ म्हणण्यापेक्षा बरं.”

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळी माया धाकट्या बहिणीच्या मुलावर. भाचा आता तिशीला आलेला, शिवणकामाचं दुकान चालवणारा, तोंडाने फटकळ. त्याला जन्मापासून एक आजार होता. इतरांच्या शरीरात आपसूक तयार होणारा एक पदार्थ त्याच्या शरीरात होत नसे, आणि मग स्नायू हळूहळू सुकत. तो पदार्थ शिरेतून द्यावा लागे. बनायचा तो जिवंत पेशींच्या पोटात, शहराबाहेरच्या एकाच कारखान्यात, उंच पोलादी टाक्यांमध्ये.

त्या पेशी म्हणजे रुसलेल्या जावयाच्याही वरताण. जरा ऊब कमी पडली, जरा हवा जास्त झाली, की मेल्याच. टाकीच्या टाकी फेकून द्यावी लागे. औषधाचा तुटवडा वाढत गेला आणि भाच्याला दुकानाच्या पायऱ्या चढताना भिंतीचा आधार लागू लागला.

मग कारखान्याने टाक्यांवर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. हा प्रोग्राम क्षणाक्षणाला साखर, हवा, ऊब कमीजास्त करी. वर प्रत्येक बॅचमधून शिकून पुढच्या वेळी स्वतःची रीतही बदली. चाचणीत पेशी तगल्या. कारखान्याने परवानगीचा अर्ज केला, आणि तो नेमका बाईंच्या टेबलावर आला.

बाई तडक साहेबांकडे गेल्या. “साहेब, माझा सख्खा भाचा हे औषध घेतो. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

साहेबांनी चष्मा काढला. “पेशींचं काम कळणारं खात्यात दुसरं आहे कोण? तपासणी तुम्ही करा, निर्णय समिती घेईल. भाच्याचं मी समितीला आधीच सांगून ठेवतो.” मग जरा पुढे वाकून म्हणाले, “खरं सांगू? मला हे लचांड नकोच आहे. औषध बनवण्याच्या कृतीत बदल केला की नवी परवानगी, असा आपला नियम. हे यंत्र तर उठता-बसता बदल करतं! सरळ ‘नाही’ लिहा. सुंठीवाचून खोकला गेला.”

कारखान्यात उत्पादनप्रमुख स्वतः बाईंना टाक्या दाखवायला आली. उंच, तरुण, पांढऱ्या पोशाखातून फक्त डोळे दिसणारी. पडद्यावर आकडे सरकत होते, हवेची झडप कुणी हात न लावता किंचित उघडत, मिटत होती.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “उद्या यानं भलतंच काही केलं आणि औषध बिघडलं, तर मी कुणाला धरायचं?”

“म्हणजे… प्रोग्राम बनवणारी कंपनी आहे ना…”

“ती म्हणेल, तुमच्या टाकीवर शिकून बिघडला. तुम्ही म्हणाल, त्यांनीच तसा बनवला. आणि आजारी माणूस या दारातून त्या दारात!”

उत्पादनप्रमुख पडद्यापासून बाईंकडे वळली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, हाच विचार मलाही सोडत नाही. पूर्वी बॅच मेली की मी रडायचे. आता बॅच जगते, पण का जगली ते मला सांगता येत नाही.”

बाईंना तो प्रामाणिकपणा आवडला. पण नुसत्या त्याच्यावर परवानगीची शिफारस कशी करणार? घरी त्यांनी जेवता जेवता नवऱ्यापुढे सगळं मांडलं.

“नाही म्हणायला अक्कल लागत नाही,” नवरा म्हणाला, “आणि डोळे मिटून हो म्हणायलाही नाही. अट घालायला लागते.”

बाईंनी समितीसाठीच्या अहवालात अटी घातल्या. पेशींना सोसतं हे आधी सिद्ध झालंय, तेवढ्याच मर्यादेत प्रोग्रामने बदल करावेत. मर्यादेवर पोचला की थांबावं आणि माणसाला बोलवावं. नवं शिकलेलं परस्पर वापरू नये. आधी त्याची चाचणी, मगच ते टाकीवर. आणि प्रत्येक बॅचला एका जबाबदार माणसाचं नाव. कारखान्याचे मालक समितीसमोर चिडले, “ही तर धावत्या घोड्याला बेडी झाली!” उत्पादनप्रमुख मात्र उठून उभी राहिली. “नाव माझं घाला,” ती म्हणाली. बरीच वादावादी होऊन समितीने अटींसह एका बॅचला हो म्हटलं.

बॅच निम्म्यावर असताना कारखान्यातून फोन आला. प्रोग्रामला मर्यादेबाहेर हवा सोडायची होती. तो थांबला होता आणि माणसाला बोलावत होता. बाई पोचल्या तोवर उत्पादनप्रमुखाला कारण सापडलं होतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर फेस चिकटून तो खोटाच कमी आकडा दाखवत होता. प्रोग्रामने त्यावर विश्वास ठेवला होता. मोकळा असता तर हवा ओतत राहिला असता आणि पेशींचा निकाल लागला असता. तिने राखीव सेन्सर जोडला. आकडा जागेवर आला.

तरी जीव टांगणीलाच होता. मधल्या त्या थांबण्याने पेशींना धक्का बसून अंतिम तपासणीत औषध नापास झालं तर? आपणच लिहिलेल्या अटींनी आपल्याच भाच्याचं औषध अडवलं तर? त्याच्याशी बाई यातलं अक्षरही बोलल्या नव्हत्या. पण फोनवर त्यानेच पकडलं. “मावशी, आवाज का असा? सांगता येत नसेल तर नको सांगूस. पण जेवून घे.”

शेवटी एका दुपारी उत्पादनप्रमुखाचा फोन आला. “मॅडम, पास! एकदम शुद्ध!” ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. बाई ऑफिसच्या जिन्यात होत्या, तिथेच पायरीवर बसल्या. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. कित्येक महिन्यांनी छाती भरून श्वास घेता आला.

पुढे त्याच अटी असे प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्या कारखान्यांना लागू झाल्या. काही मालक अजून कुरकुरतात, साहेब मात्र त्या आपल्याच असल्यासारखे सगळ्यांना समजावून सांगतात. भाच्याला औषध आता वेळेवर मिळतं. बॅच पास झाली त्या संध्याकाळी मात्र बाई रोजच्यापेक्षा लवकर घरी आल्या, दारातूनच नवऱ्याला म्हणाल्या, “चप्पल घाल, फिरायला जाऊ,” आणि कुठे जायचं हे न ठरवताच दोघं निघाले.