मोगऱ्याचं औषधपाणी

सासूबाईंचा मोगरा मी मारला, हे मला मान्य आहे. एकटीनं मारला, हे मात्र मी अजूनही मान्य करत नाही.

त्या पौषात सासूबाई तापानं गेल्या. कर्जतच्या अलीकडं आमचं घर, भाताची चार खाचरं आणि पडवीच्या कडेला मातीच्या कुंडीत त्यांचा मोगरा. त्या गेल्यापासून मामंजींनी माणसांशी बोलणंच सोडलं. सकाळी उठून मोगऱ्यापाशी बसायचे आणि जे काही बोलायचं ते त्याच्याशीच. "बैलाचा खूर सुजलाय गं," असं कुंडीला सांगायचे. मी पेजेची वाटी घेऊन शेजारी उभी, पण माझ्याशी एक अक्षर नाही! (लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि घरात माझा मान कुंडीच्या खालचा होता.)

फाल्गुनात मोगरा पिवळा पडायला लागला, आणि त्याच्या बरोबरीनं मामंजीही. एक पान गळलं की त्या दिवशी अर्धी भाकरी पानात तशीच राहायची. मला धास्तीच बसली. हे झाड गेलं तर म्हातारा पाठोपाठ जाणार, आणि गाव म्हणणार, सून आली अन् वर्षात दोघांना पोचवलं!

शेजारचे गोमाकाका माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. हंगामापुरते वर, एरवी घरी. त्यांना गाठलं.

"काका, तुमच्या साहेबाचे गुलाब येवढे कशानं फुलतात?"

"सोरा घालतो साहेब. चिमटीभर, पान्यातनं. म्हैन्यातनं एकदा."

एवढं सांगून गोमाकाका नेरळच्या वाटेनं माथेरान चढून गेले. चिमटी कुणाची, हे विचारायचं राहूनच गेलं.

बाजारात वाण्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोरा? घरात लगीन हाय काय? शोभेची दारू उडवायचीय?"

"नाय, मोगऱ्याला पायजे."

"मोगरा उडवायचाय?"

पुढं तेच झालं म्हणा. पण आधी चमत्कार झाला! पंधरा दिवसांत नवी पालवी फुटली, आणि चैत्रात सात फुलं आली. मामंजींनी त्यातलं एक उचलून सासूबाईंच्या पाटावर ठेवलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं पाहून म्हणाले, "सूनबाय, आली बघ ती." मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं. मग डोळे पुसले आणि विचार केला, चिमटीत सात फुलं, तर मुठीत किती?

वैशाख लागला आणि पानांच्या कडा करपल्या. मी घाबरून आणखी मूठ घातली. पानं गळायला लागली. मामंजी सकाळी उरलेली पानं मोजायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. "आज अकरा." दुसऱ्या दिवशी, "आज सात." एखाद्या दुखणाईताची नाडी सांगावी तसं! शेवटी एके दिवशी आकडा आलाच नाही. ते कुंडीपाशी नुसते बसून राहिले. भाकरीला हात लावला नाही, पाण्यालाही नाही.

पावसाच्या तोंडावर गोमाकाका घरी आले. मोगऱ्याची काटकी पाहिली, वाकून मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थू थू करत अंगणात पळाले.

"ही माती हाय का सुकटीचं मीठ? काय घातलंस गं?"

"तुमीच सांगितलंत तो सोरा," मी म्हटलं. "जरा... मुठीनं."

"सोऱ्यानं येवढा पांढरा थर नाय धरत! आणखी काय?"

तेवढ्यात आमचे हे खांबाआडून खाकरले. हे कर्जतला इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. घाटावर गाडी चढवायला जादा इंजिनं लागतात, त्यांची साफसफाई यांच्याकडं.

"मी... खार घालत होतो," हे म्हणाले. "इंजिनाच्या पोटात पाण्याचा बसतो, खरवडून काढतो ना, तो. फिटर बोलला, झाडाला चुना चांगला. रोज डब्यातनं आणायचो, थोडाथोडा."

"रोज?" गोमाकाका ओरडले.

"बाबा जेवत नव्हते, काका. मी काय करू?"

मग कुंडीपाशी बसलेले मामंजी खाली मान घालून म्हणाले, "आनि मीठ मी घालत होतो. जुलाबाचं."

मला कळेचना. फाल्गुनात मामंजी जेवेनासे झाले तेव्हा दवाखान्यातून त्यांच्यासाठी जुलाबाचं मीठ आणलं होतं. रोज सकाळी मीच ते पाण्यात विरघळवून, पेला भरून, त्यांच्या हातात देत होते!

"कडू जहर गं ते. तुला वाईट वाटू नये म्हणून घ्यायचो, आनि तुझी पाठ वळली का हितं ओतायचो."

तीन महिने मी देवाला विचारत होते, मामंजींना औषध लागू का पडत नाही? पडत होतं की! मोगऱ्याला!

गोमाकाकांनी कुंडी उपडी केली. आत मातीपेक्षा मुळंच जास्त, कुंडीच्या आकाराची गच्च गुंडाळी झालेली, आणि खालचं भोक बुजून गेलेलं. ते बोटानं मुळं उकलून बघू लागले.

"ह्याला औषध नको होतं रं. माती बदलायची वेळ झाली होती. वैनी सालातनं एकदा बदलायच्या, मुळं छाटायच्या. शेणखत माझ्याकडनंच न्यायच्या."

"मला कदी बोलली नाय," मामंजी म्हणाले.

"तुमी कदी इचारलंत?"

मामंजींचे डोळे भरून आले. तीस वर्षं त्या झाडाशेजारी बसणारा माणूस, आणि बायको कुंडीत हात घालून काय करते हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. मी तर सासूबाईंच्या मागंमागंच वावरत होते. मग एकाएकी मामंजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, आता फुटणार हा म्हातारा. जवळ जाऊन बघते तर ते हसत होते! रडत होते आणि हसत होते.

"तिगांनी मिळून!" ते म्हणाले. "ती असती तर तिगांना झोडपलं असतं." आणि मग म्हणाले, "भाकरी हाय का गं?"

गोमाकाकांनी कुंडीतली माती परसात टाकून दिली. त्या जागेवर पुढली दोन वर्षं गवताचं पातंसुद्धा उगवलं नाही. भोवती गुडघाभर रान, आणि मधोमध सुपाएवढं टक्कल! मामंजी हळूहळू माणसांत आले, आणि घरी पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी परसात न्यायला लागले.

"ही बगा," त्या टकलाकडं बोट दाखवून अभिमानानं सांगायचे, "आमच्या सूनबायची बाग."